म्हशीची शेपटी

टुंग.

दुपारची वेळ होती. भांडी घासून ओट्यावर पालथी घातलेली, पडदे ओढलेले, आणि सगळं घर डोळे मिटून पडल्यासारखं गप्प. अशा वेळी स्वयंपाकघराच्या दारामागून हा आवाज आला. एका चार वर्षांच्या बोटाने तिथे उभ्या असलेल्या पोलादी काडीला टिचकी मारली होती.

ती काडी म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनी अँटेना आहे.

आता मला अँटेना कुणी म्हणत नाही. पलंगाखाली चेंडू गेला की माझी आठवण होते. छताच्या कोपऱ्यात कोळ्याने घर केलं की माझ्या टोकाला फडकं बांधतात. माझ्या डोक्यावरची काळी टोपी कधीच हरवली, पायाशी गंज चढला. पण टिचकी बसली की मी अजूनही बराच वेळ थरथरत राहते, आणि ती थरथर थांबेपर्यंत मला सगळं आठवून जातं. कारखाना, डोंगर, आणि तो पूल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तापलेल्या पोलादाची तार ओढून ओढून मला घडवलं, पायाशी जाड, वर जाता जाता बारीक. बुडाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. मग एका माणसाने मला धनुष्यासारखं वाकवलं आणि सोडून दिलं. मी सरळ झाले. त्याने मान हलवली आणि मला पास केलं. वाकायचं पण मोडायचं नाही, आणि सोडलं की पुन्हा सरळ उभं राहायचं, एवढी एकच विद्या मला तिथे मिळाली. ती जन्मभर पुरली.

मला विकत घेतलं ते एका डॉक्टरांनी. पांढराशुभ्र कोट वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. हे जनावरांचे डॉक्टर. यांच्या शर्टावर कायम शेणाचा एखादा तरी ठसा, आणि खिशात पेनाऐवजी सुतळी. यांचे रोगी तीन डोंगर ओलांडून पलीकडे राहायचे. मेंढ्या, शेळ्या, खेचरं. तिकडे रस्ते नव्हतेच, चाकोऱ्या होत्या, आणि पहिला डोंगर ओलांडला की फोन मुका व्हायचा. म्हणून डॉक्टरांनी रेडिओचे दोन सेट घेतले. एक गाडीत बसवला, दुसरा घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी. रोज दुपारी चार वाजता डॉक्टर जिथे असतील तिथून बोलायचे, आणि घरून भिंगरीची आई उत्तर द्यायची.

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. तेव्हा सहा वर्षांची. एका जागी बसली तर घरच्यांनी ताप बघावा अशी, म्हणून हे नाव पडलं. गाडीलाही घरात एक नाव होतं. उंच, रुंद, चारही चाकांनी ओढणारी ती गाडी, पण चिखल दिसला की तिला राहवायचं नाही, आणि थंडीत सकाळी उठायचं म्हटलं की चार ढुशा दिल्याशिवाय हलायची नाही. म्हणून सगळे तिला म्हैस म्हणत.

सुरुवातीला मी म्हशीच्या टपावर होते, एका लोहचुंबकावर उभी. तिथून बोलणं छान जायचं. दुपारी चारला डॉक्टरांचा आवाज माझ्या पायातून चढायचा, उन्हात ठेवलेल्या पाण्यासारखा कोमट, आणि टोकावरून अलगद सुटून डोंगरांवरून निघून जायचा. तो कुठवर जातो ते मला दिसायचं नाही. पण थोड्या वेळाने भिंगरीच्या आईचं "हो, ऐकतेय" उलट्या वाटेने उतरून यायचं, तेव्हा कळायचं की पोचलं. जगात याहून सुखाचं काम असेल असं मला वाटत नाही.

त्रास एवढाच की झाडांच्या फांद्या माझे केस विंचरायच्या. गाडी ठेवायच्या शेडची तुळई बुटकी होती. निघताना मला खाली काढायला डॉक्टर हटकून विसरायचे, आणि रोज सकाळी ठण्ण असा आवाज व्हायचा. एकदा तर एका उतारावर मी चुंबकासकट खाली पडले आणि पाऊण डोंगर वायरीला लोंबकळत, धुळीत घासत आले. तेव्हा ठरलं की मला मागच्या दारावर, स्टेपनीच्या शेजारी, पक्कं बसवायचं.

हे काम मामाकडे आलं. मामा म्हणजे भिंगरीच्या आईचा धाकटा भाऊ, धंद्याने गाड्यांचा रंगारी. आणि त्याने नुकतीच म्हैस रंगवली होती. तीन आठवडे खपून रंगाचे चार हात दिले होते. तळ्यावर संध्याकाळ उतरते तेव्हा पाण्याला येतो तसला निळा. टपावर चिमणी बसली तरी मामा फडकं घेऊन धावायचा. भिंगरीला तर त्याने सांगून ठेवलं होतं, गाडीकडे बघायचं, पण हळू बघायचं.

आता त्याच रंगात भोकं पाडायची. मामाने ड्रिल हातात घेतलं तेव्हा त्याचा चेहरा स्वतःच्याच दाढेत भोक पाडायला निघाल्यासारखा झाला होता. चार भोकं पाडून झाली. मग त्याने एक जुनी ट्यूब कापली. माझ्या लोखंडी पट्टीखाली घालायला एक गादी केली, आणि चारही बोल्टांना तान्ह्या बाळाला घालावीत तशी रबराची टोपडी घातली. लोखंड रंगाला लागता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं. दाराच्या बिजागऱ्यांनाही त्याने आधीच इतका दाट रंग दिला होता की खालचं लोखंड कुठे दिसतच नव्हतं.

भिंगरीची आई ओल्या हातांनी येऊन बघत उभी होती. दार उघडताना वायर ताणेल, थोडी सैल सोड, एवढंच तिने सुचवलं. शिवणीत माया ठेवावी तसा एक वळसा मामाने वायरीला दिला. सगळं कसं नीटनेटकं, निगुतीचं, प्रेमाने केलेलं.

आणि तिथेच माझा घात झाला.

मित्रांनो, आम्हा अँटेनांचं एक गुपित आहे. नुसती काडी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे आमच्या पायाखालचं लोखंड, गाडीचं सगळं अंग. ते आमच्या पायाला उघडंवाघडं भिडावं लागतं. पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर उभं राहून दगड फेकून बघा. दगड जवळच पडतो आणि आपणच मागे कलंडतो. झेलायला मात्र तेवढा जोर लागत नाही. फळीवर उभं राहूनही चेंडू झेलता येतो. त्या रबरावर माझं नेमकं तेच झालं. दुरून आलेलं मी झेलू शकत होते, पण इथलं बोलणं दूर फेकू शकत नव्हते.

हे मला कळत होतं. पण माझ्याजवळ दुसऱ्यांचे शब्द तेवढे, स्वतःचा एकही नाही.

काम झाल्यावर परीक्षा झाली. डॉक्टर अंगणात गाडीत बसले, मामा स्वयंपाकघरात सेटजवळ गेला. डॉक्टरांनी विचारलं, ऐकू येतंय का. मामा म्हणाला, खणखणीत. सगळे खूश. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती आणि गाडी तिच्यापासून सात पावलांवर होती. मामाने ऐकलं ते सेटमधून की खिडकीतून, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. भिंगरी तेवढी म्हणाली, "म्हशीला शेपटी आली." तेव्हापासून माझं नाव शेपटी.

पुढच्याच आठवड्यात, थंडीच्या तोंडावर, तिसऱ्या डोंगरापलीकडून निरोप आला की मेंढ्यांच्या तोंडाला फोड येताहेत. डॉक्टर औषधं घेऊन निघाले. पलीकडे जायला एकच नदी लागायची. तिच्यावर दगडी फरशीचा बुटका पूल होता, ज्याच्यावरून वर्षातले सहा महिने घोटाभर पाणी वाहायचं. म्हशीला हे पाणी फार आवडे. त्या दिवशीही ती डुलत डुलत पलीकडे गेली. मागची चाकं काठाला लागतात न लागतात तोच माझ्या पाठीमागे काहीतरी दबल्यासारखा, जड आवाज झाला. डॉक्टर उतरले, परत आले, पाण्यात काठी घालून बघितली. पुलाच्या मधोमध काठीला तळच लागेना. फरशीचा मोठा तुकडा खचून वाहून गेला होता, आणि वर पाणी पूर्वीसारखंच गुळगुळीत. ज्याला ठाऊक नाही त्याने खुशाल गाडी घालावी असं.

त्या दिवशी चार वाजता भिंगरीच्या आईचा आवाज नेहमीसारखा उतरून आला. डॉक्टरांनी उत्तर दिलं. ते माझ्या पायापर्यंत आलं आणि भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखं माघारी गेलं. ती पुन्हा म्हणाली, अहो, ऐकताय ना. हे म्हणाले, ऐकतोय. मी आतल्या आत नुसती धडपडत होते. डोंगर आड येत असेल म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गाडी उंचावर नेली. तरी तेच. दिवसभर मेंढ्यांच्या जबड्यात हात घालायचे आणि चार वाजता येऊन बायकोला खुशाली सांगायची, ती तिला पोचायची नाही. ती मात्र यांना अगदी शेजारी बसल्यासारखी ऐकू यायची. मागे कुकरची शिटी, भिंगरीची पळापळ, चमचा पडल्याचा आवाज. सगळं घर माझ्यातून उतरत होतं, आणि घराला आम्ही नव्हतोच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुलाजवळ, पलीकडच्या उतारावर, एका मेंढपाळाच्या झोपडीशेजारी म्हैस लावून बसले होते. चार वाजायला पाच मिनिटं असतानाच तिचा आवाज आला. आज तो वेगळा होता, घडी घालून ठेवल्यासारखा.

ती म्हणाली, "उद्या पहाटे आम्ही निघतोय. भाऊ त्याचा पिकअप काढतोय. भिंगरीपण येतेय, राहत नाहीये ती माझ्याशिवाय. तुम्ही काही करू नका, जिथं असाल तिथं थांबा. आम्ही पुलावरून येतो."

डॉक्टर ताडकन उठले. मामाची गाडी चालवण्याची रीत त्यांना ठाऊक होती. घोटाभर पाणी दिसलं की मामाला हुरूप यायचा. या दिवसांत सकाळी नदीवर असं धुकं बसायचं की काठावरून स्वतःचे पाय दिसू नयेत. इकडून हात हलवले तर तिकडे दिसणार नाहीत, आणि पाण्याच्या खळखळाटात हाक पोचणार नाही. फिरून जायची वाट होती, पण दोन दिवसांची. त्यांनी बटण दाबलं आणि येऊ नका, येऊ नका, असं कितीतरी वेळा सांगितलं. सगळं माझ्या पायाशी येऊन परत गेलं.

तिकडे ती सेटसमोरच बसून असावी. मधेच तिचा श्वास ऐकू आला. रेडिओवरचं बोलणं आणखी कोण कोण ऐकतं हे तिला माहीत होतं. गावातला पेट्रोल पंपवाला तर दिवसभर स्वतःचा सेट चालू ठेवून बसायचा. म्हणून घरातलं काही ती कधी इथे बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"तुम्हाला ऐकू जात नाहीये, म्हणून सांगून टाकते. समोर बसवून सांगायचं ठरवलं होतं. भिंगरीला भावंड येतंय."

पश्चिमेचा डोंगर तेव्हा तांबूस झाला होता. कुठेतरी एक मेंढी ओरडून थांबली. डॉक्टरांनी बटण दाबलं. मग ते बोलले. काय बोलले, ते मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. निरोप वाहणाऱ्याने निरोप फोडू नये. एवढंच सांगते की इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं ते सगळ्यात सुंदर बोलणं होतं, आणि ते कुठेच गेलं नाही. माझ्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांत फिरून फिरून तिथेच विझलं.

त्यानंतर डॉक्टरांनी मला हलवून बघितलं, वायर आवळली, सेटवर दोन चापट्या मारल्या. हत्यारांची पेटी काढायला मागचं दार उघडलं, तर वर गाडी ओढायची साखळी पडलेली. ती त्यांनी वैतागून उचलली आणि हाताला लागेल तिथे, माझ्या पट्टीवर, भिरकावली. तिचं दुसरं टोक खाली लोंबलं आणि म्हशीच्या मागच्या आकड्याला टेकलं. तो आकडा साखळ्या घासून घासून पांढरा पडलेला, रंगाचा लवलेश नसलेला.

डॉक्टर पुन्हा सेटशी बसले. घसा बसला होता. बोलण्याआधी ते खोकले.

आणि घरून आवाज आला, "थांबा. आत्ता खोकलात ना तुम्ही? दोन छोटे, एक लांब. दुसरं कुणी खोकत नाही असं."

ते बोलू लागले, तोवर वाऱ्याने साखळी हलली आणि पुन्हा सगळं तुटलं. पण डॉक्टर आता हसत होते. ते मागे आले. साखळीकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी बोटाने रबराची गादी दाबली, आणि एकेका बोल्टाचं टोपडं निरखलं.

"मेहुण्या, माफ कर," ते म्हणाले, आणि मेंढ्यांचे खूर तासायची सुरी काढली.

तो आवाज मी विसरणार नाही. चार हात रंग. तीन आठवडे. त्याचे निळे निळे पापुद्रे गवतावर पडत गेले, आणि खालून लोखंड उजळत आलं. टोपडी निघाली, गादी निघाली. बॅटरीच्या जुन्या वायरीचा एक तुकडा दोन्ही टोकांना सोलून त्यांनी दारापासून गाडीच्या अंगापर्यंत, बिजागरीवरून, आवळून बांधला. मग मला पुन्हा उभं केलं. माझे पाय थंड, उघड्या लोखंडाला लागले, आणि म्हशीचं सगळं अंग एकदम माझं झालं. फळीवरून काठावर उतरल्यासारखं.

उजेड उतरत चालला होता. डॉक्टर बोलले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "पुलावर येऊ नका. मधली फरशी गेली आहे. वरून दिसत नाही." तो आवाज माझ्या पायातून चढला, टोकाशी आला, आणि सुटला. मी वाट बघत राहिले.

मग ती म्हणाली, "पुलावर येत नाही. परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. तिने परत सांगायला लावलं. शब्द कळले नव्हते म्हणून नाही, हे मलाही कळत होतं.

मग मामाने तिच्या हातून माईक घेतला असावा. तो म्हणाला, "भावोजी, रंग किती खरवडला?"

"वीतभर."

मग मामा म्हणाला, "बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपवाल्याने मामाला गाठून विचारलं म्हणे, तोंड गोड कधी करताय. डॉक्टर लांबच्या वाटेने फिरून पाचव्या दिवशी घरी आले. त्यांना बघताक्षणी भिंगरीच्या आईला कळलं की यांनी सगळं ऐकलं होतं. पण उत्तर काय दिलंत, असं तिने कितीदा तरी विचारलं, तरी ते हसून एवढंच म्हणत, शेपटीला विचार.

मामाने म्हैस पुन्हा रंगवली. माझ्या पायाखालची वीतभर जागा मात्र त्याने तशीच उघडी ठेवली, आणि दर महिन्याला येऊन स्वतःच्या बोटाने तिला ग्रीस लावायचा. गाडी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला चकचकीत रंगाआधी तो ती जागा दाखवायचा. माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. दुपारी चार वाजता माझ्यातून काय काय गेलं. भिंगरीचे पाढे गेले, तिच्या पडलेल्या दातांची बातमी गेली, आणि एका सकाळी तर तान्ह्या बाळाचं रडणंसुद्धा उतरून आलं.

मग डोंगरांवर मनोरे उभे राहिले. फोन सगळीकडे बोलू लागला. चार वाजले तरी कुणी बटण दाबेना. म्हैस म्हातारी झाली, तिला एका बागवाल्याने नेलं. नेताना मामा पाना घेऊन आला आणि बोल्ट काढत म्हणाला, म्हैस न्या, शेपटी मिळणार नाही. अशी मी या दारामागे आले. पहिलं वर्षभर मामा येता जाता माझ्यावरून हात फिरवायचा. आता तोही विसरला. त्याचा दोष नाही. ज्याच्याशी काम उरत नाही त्याच्यावरून नजर आपोआप पुढे जाते.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही, मित्रांनो. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू दारामागे असेल, तर कधीतरी तिला नुसता हात लावा. आणि कुणासाठी काही कराल, ते जपून कराच, पण इतकंही जपू नका की त्याला टोपडं घालून ठेवाल. थोडा रंग खरवडला गेला तर जाऊ द्या. आणि आपलं बोलणं पोचतंय का, हे सात पावलांवरून विचारू नका. दूर जाऊन विचारा.

तर आजची ही टिचकी मारणारा तोच तो, भिंगरीचं भावंड. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात. आई जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि त्याला झोप यावी म्हणून माझीच गोष्ट सांगत होती. पुलाची, साखळीची, खोकल्याची. त्याला ती पाठ आहे. ती एक शब्द चुकली तर तो दुरुस्त करतो. गोष्ट "भिंगरीला भावंड येतंय" इथे आली, आणि आई नेहमीप्रमाणे पुढे साखळीकडे वळली. तेवढ्यात त्याने मला टिचकी मारली होती.

मी अजून थरथरत होते. माझ्या टोकाकडे बघत बघत तो थांबला, आईच्या हातातल्या अर्धवट घडीवर त्याने आपला हात ठेवला, आणि विचारलं,

"मग मी येतोय म्हटल्यावर बाबा काय म्हणाले?"